हवेचा डबा

मंदा गच्चीवरून खाली आली ती माझा पांढरा सदरा हातात धरूनच. पाठीवर काळे बारीक ठिपके, कुणी मोहरी उधळावी तसे. "पेटलाय तुमचा कारखाना," असं म्हणून तिनं सदरा माझ्या मांडीवर टाकला आणि ती आत गेली. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण तिच्या लेखी साखर कारखाना अजून माझाच. काजळी पडली की ती धुराड्याला बोलत नाही, मला बोलते.

काजळीचा ठिपका चोळायचा नसतो, फुंकायचा असतो. चोळला की पसरतो. मी फुंकत बसलो. कन्हेरीतल्या आमच्या घरून धुराडं दिसत नाही, पण दसरा मागे पडून वारा फिरला की त्याची राख बरोबर पत्ता शोधत येते. मागोमाग मळीचा आंबूस वास येतो. रस्त्यानं दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची गाणी सुरू होतात. गावाला हा हंगाम आवडतो. पूर्वी मलाही आवडायचा. गेली चार वर्षं मात्र पहिली काजळी पडली की मी गच्चीवर जायचं टाळतो. तिथं पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीत बांधलेला एक डबा आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, गोल झाकणाचा, एका अंगाला हत्तीच्या सोंडेसारखी वळलेली नळी. मी केलेल्या कामात इतकं नेटकं काम दुसरं नाही, आणि ते काम मी केलं हे जगात तीन माणसांना माहीत आहे.

मी तीस वर्षं बॉयलरवर काढली. लोकांना वाटतं, बॉयलरवरचा माणूस म्हणजे आगीचा माणूस. आग काय, उसाचा चोथा टाकला की लागते. आमचं सगळं ध्यान हवेवर असतं. भट्टीत हवा ढकलणारा एक मोठा पंखा असतो, धूर ओढून नेणारा दुसरा असतो, आणि त्या दोघांचं जमवून देण्यात आमचा जन्म जातो. हवा कमी पडली की आग काळी पडते, जास्त झाली की उष्णता धुराड्यातून पळून जाते. अनुभवी माणूस झरोक्यातून ज्वाळेचा रंग बघून सांगतो की हवा कुठं अडली आहे. मी त्यातला होतो. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसऱ्या कुणी सांगायचं ते सांगितलं नाही.

उल्हास माझा बोर्डिंगमधला मित्र. इंदापुरात शाळेची सहा वर्षं आम्ही एका खोलीत काढली, एका बादलीत अंघोळ केली, आणि गणिताच्या पेपराला एकाच माणसाच्या वहीवर अभ्यास केला. वही माझी असायची. पुढे मी कारखान्यात चिकटलो आणि तो बावड्याला घरच्या डाळिंबात. डाळिंबानं त्याला हात दिला. पोरं मार्गी लागली तेव्हा पन्नाशी उलटलेल्या ह्या गड्यानं पुण्यातून एक जुनी, तांबडी, दोन माणसांची गाडी आणली. सुपरचार्जर असलेली. बावड्यात गतिरोधक किती आहेत हे गावाला त्या गाडीनं पहिल्यांदा दाखवलं, कारण प्रत्येकावर ती पोट घासून ओरडायची.

तिचं एक दुखणं होतं. सकाळी गार हवेत ती उधळायची आणि दुपारी उन्हात तिचा जीव जायचा. पाय दाबला तरी नुसता घशातून आवाज. आमचा हंगाम संपला, बॉयलर थंड झाले आणि आम्ही हंगामी कामगार घरी बसलो, त्याच आठवड्यात उल्हासचा फोन आला. "दत्त्या, मोकळा झालास का? ये की बावड्याला. माझ्या तांबडीला दम लागतोय."

त्या दिवशी त्याच्या शेडमध्ये बॉनेट उघडलं आणि मी हसलोच. एवढ्या दिमाखाची गाडी, आणि हवा घेत होती कुठून, तर तापल्या इंजिनाच्या शेजारून, दिव्यामागच्या एका बारक्या भोकातून. स्वयंपाकघरात चुलीपाशी तोंड नेऊन श्वास घ्यावा तसं. उल्हासचे वडील, आबा, डाळिंबाच्या क्रेटवर बसून बघत होते. ऐंशीचे झाले असतील, पण चौकसपणा दहा वर्षांच्या पोराचा. "दत्ता, हे सुपर काय म्हंत्यात ते हाय तरी काय?"

"आबा, साधं इंजिन आपल्या भुकेपरमाणं हवा खातं. ह्याला हे यंत्र जोडलंय. पट्ट्यावर फिरतंय आन् जबरदस्तीनं हवा कोंबतंय."

आबांनी थोडा विचार केला. "म्हंजी पंगतीत आग्रह करून वाढत्यात तसं."

"तसंच."

"मग वाढायचंच आसंल तर अन्न तरी ताजं वाढा की रं. हे तर तापलेलं, धुरकटलेलं वाढताय त्या बिचारीला."

आमच्या सगळ्या कामाचा आराखडा आबांनी त्या एका वाक्यात दिला. हवा गार पाहिजे, स्वच्छ पाहिजे, आणि वाटेत अडायला नको. मग चैत्रापासून आश्विनापर्यंत आम्ही तेवढंच केलं.

आज सदऱ्यावर फुंकर घालताना मला ते दिवस सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. पत्रा कापल्यावर येणारा तो तिखट वास. नळी वाकवताना ती चिमटू नये म्हणून तिच्यात भरलेली नीरा नदीतली वाळू, आणि ती वाळू नंतर दोन दिवस धुऊनही निघेना म्हणून उल्हासनं नळीत घातलेला त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा. दुपारी शेडच्या पत्र्यावर चिमण्यांच्या नखांचा आवाज. पितळेच्या तांब्यातलं ताक. आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून बंपरच्या आत हात घालायचो तेव्हा आमची डोकी एकमेकांवर आपटायची आणि उल्हास म्हणायचा, "सहावीपास्नं तुझं डोकं माझ्या आडवं येतंय."

हवा कुठं अडते हे बघायला मी कारखान्यातली युक्ती वापरली. सलाईनची पारदर्शक नळी फळकुटावर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून बसवली, तिच्यात मंदाच्या कपड्याच्या निळीचं पाणी भरलं आणि एक टोक गाडीच्या हवेच्या वाटेला जोडलं. इंजिन जितकं तहानेनं हवा ओढेल आणि हवा जितकी अडेल, तितकं निळं पाणी एका बाजूला वर चढणार. पहिल्याच फेरीत नळी आखूड पडली आणि उल्हासनं पाय दाबताच सगळी नीळ इंजिननं पिऊन टाकली. आबा म्हणाले, "आता धूर पांढराशुभ्र ईल बघा." त्या दिवशी आम्ही इतके हसलो की शेजारच्या वस्तीवरून माणूस बघायला आला.

नंतर नळी लांब घेतली. बावड्याच्या पुढच्या सरळ रस्त्यावर सकाळी वर्दळ नसायची. उल्हास चालवायचा आणि मी शेजारी मांडीवर फळकूट धरून पाणी मोजायचो. पहिल्यांदा पाणी वीतभर चढलं. उन्हाळ्याच्या शेवटी, नवी रुंद नळी बसल्यावर, चार बोटं. त्या सगळ्या फेऱ्यांत मी रस्ता एकदाही बघितला नाही. माझी नजर निळ्या पाण्यावर. गाडीच्या वेगाची मला जी काही ओळख आहे ती पाठीला बसलेल्या शिटेच्या दाबाची.

चुकाही केल्या. फिल्टर बसवताना माझ्यातला ट्रॅक्टरवाला जागा झाला. आमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरची हवा तेलाच्या वाटीवरून जाते, धूळ तेलात अडकते. म्हणून मीही नव्या फिल्टरला हात सैल सोडून तेल पाजलं. गाडीत हवा मोजणारा एक नाजूक सेन्सर असतो, ते तेल त्याच्यावर जाऊन बसलं आणि तांबडी ढेंगाढेंगाला खोकायला लागली. काचेवर पिवळा दिवा. चार दिवस लागले ते निस्तरायला. उल्हास एका शब्दानं बोलला नाही. उलट म्हणाला, "ट्रॅक्टरचं दूध प्यालेली माणसं आपण, चालायचंच." त्याच्या त्या बोलण्यानं मला किती बरं वाटलं होतं. आता तेच वाक्य आठवलं की मी त्याला उलटंपालटं करून बघतो. तेव्हा त्याच्या मनात काय होतं?

डब्याचं झाकण हवाबंद व्हायला हवं होतं, नाहीतर बाजूची गरम हवा आत येणार. बाजारातलं रबर काही बसेना. शेवटी मी मंदाच्या पाच लिटरच्या कुकरची रिंग उचलून नेली आणि झाकण त्या रिंगेच्या मापाचं केलं. दोन दिवसांनी मंदाला कळलं. तिनं फोनवर मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. तिची समजूत उल्हासनं घातली. फोन माझ्या हातातून घेऊन म्हणाला, "वयनी, तुमची रिंग गेली त्याची भरपाई करतो. दसऱ्याला तांबडी तयार झाली की पयली फेरी दत्त्या चालवणार. तुमी शेजारी बसायचं. हितनं नरसिंहपूर, देवाला. दोनच शिटा हायती, मी आन् आबा मागनं मोटारसायकलवर येतो."

मंदानं त्या दिवसापासून रिंगेचं नाव काढलं नाही. श्रावणात तिनं एक मोतिया रंगाची साडी घेतली. कशाला म्हणून मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. माझ्यासाठीही ती एक पांढरा सदरा घेऊन आली. मंदानं आयुष्यात माझ्या मोटारसायकलच्या मागे बसून जेवढा वारा खाल्ला तेवढाच. सणावारी मोटारीत बसावं असं तिला कधी वाटलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उल्हासच्या डोक्यात आलं. म्हणून तर माझा त्याच्यावर इतका जीव.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. एकदा पुजली की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कारखान्यातही आदल्या दिवशी सगळी कामं उरकून घेतात, कारण नवमीला कुणाचा बाप आला तरी कुणी पाना उचलत नाही. त्या वर्षी अष्टमीला आमचं काम पुरं झालं. डबा बसला. तो धरून ठेवणारी लोखंडी पट्टी मी आत चौकटीला रिव्हेट मारून पक्की केली आणि तिच्यावर सेंटर पंचनं तीन टिंबं ठोकली. ही माझी कारखान्यातली सवय. काम बिघडलं तर कुणाचा कान धरायचा ते कळावं म्हणून.

नवमीला सकाळी मी आणि उल्हासनं शेडमध्येच पाटावर नवं फडकं अंथरून माझी हत्यारं मांडली. पाने लहान-मोठे ओळीनं, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, पंच, हातोडी. प्रत्येकावर हळद, कुंकू, झेंडूचं फूल. नारळ फोडला. उल्हासनं हात जोडले, मीही जोडले. मग मी कारखान्यावर निघालो, कारण बॉयलर तापवायला घेतला होता आणि माझी पाळी होती. निघताना तो म्हणाला, "उद्या सकाळी येरवाळीच ये. आन् वयनींना आण."

दसऱ्याला आम्ही सकाळी साडेआठला बावड्यात पोचलो. मंदानं मोतिया साडी नेसली होती, गजरा घातला होता. मी तो पांढरा सदरा. खिशात आपट्याची पानं. शेडसमोर एक परगावची मोटार उभी होती आणि तांबडीचं बॉनेट उघडं. एक शहरी मुलगा, तिशीच्या आतला, वाकून बघत होता. उल्हास त्याच्या शेजारी.

मी आधी गाडीकडे बघितलं नाही. पाटाकडे बघितलं. हत्यारांची ओळ मोडली होती. दहाचा पाना बाराच्या पलीकडे पडला होता. स्क्रू ड्रायव्हर उलटा. त्याच्या मुठीवरचं कुंकू बोटांच्या ठशांनी पुसलेलं. खरं सांगतो, मला पहिला राग आला तो एवढ्याचाच. पुजलेल्या हत्याराला हात लावला कुणी? मग बॉनेटखाली नजर गेली. माझा डबा नव्हता. त्याच्या जागी कंपनीचा जुना काळा प्लॅस्टिकचा डबा, तेच बारकं भोक, तीच चुलीची वाट. आणि तो आवळणाऱ्या क्लिपच्या स्क्रूच्या खाचेत लालभडक कुंकू अडकलेलं.

त्या मुलानं विचारलं, "इंजिनचं काम वगैरे कुठे झालंय का?"

"छे हो," उल्हास म्हणाला. एरवी त्याच्या तोंडात नसणाऱ्या शुद्ध भाषेत म्हणाला, "इंजिनाला कुणाचा हात लागलेला नाही. कंपनीतून आलं तसं आहे."

मी तीन पावलांवर उभा होतो. त्यानं मला बघितलं. तोंडावरची रेघ हलली नाही. "हे आमचे दत्तात्रयराव," तो त्या मुलाला म्हणाला. "कारखान्यावर असतात. सोनं द्यायला आलेत."

बेचाळीस वर्षं मी त्याचा दत्त्या होतो. शिव्या दिल्या तरी दत्त्याच. त्या 'राव'नं मला जेवढं लांब उभं केलं तेवढं त्यानं मला हाकललं असतं तरी झालं नसतं. मी खिशातली आपट्याची पानं काढली, त्याच्या हातावर ठेवली. "सोन्यासारखे ऱ्हावा," म्हणालो. सणाला जे म्हणतात ते आपोआप तोंडातून आलं. मुलानंही हात पुढे केला, त्यालाही दिलं. मंदा माझ्या मागे उभी होती. तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला एवढं मला दिसलं.

शेडच्या मागे आबा होते. आमचा डबा डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटांत टाकलेला होता आणि ते तो बाहेर काढत होते, त्या वयात, वाकून. "काल दुपारी काढला रं त्यानं," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "म्या म्हटलं, आरं आज नवमी हाय. म्हणला, आबा, उद्या गिऱ्हाईक येणार हाय. ते पोरगं भाद्रपदातबी येऊन गेलं हुतं." मग डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "घिऊन जा, दत्ता. हितं ऱ्हायला तर भंगारात जाईल."

भाद्रपदात. म्हणजे मी पट्टीचं माप घेत होतो तेव्हा. म्हणजे ताक पीत होतो तेव्हा. म्हणजे मंदाच्या साडीला फॉल लागत होता तेव्हा. मला त्या हंगामातला एक एक दिवस हातात घेऊन विचारावासा वाटतो, बाबा रे, तू खरा होतास का? उल्हासला गाडी विकायची होती तर विकायची होती, गाडी त्याची. मला सांगितलं असतं तर मीच तो डबा हलक्या हातानं काढून दिला असता. मग शेवटपर्यंत मला करू का दिलं? नाही म्हणायचा संकोच होता, की करमणूक होती? हे मला आजही माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणून त्यातल्या चांगल्या दिवसांवरही माझा विश्वास बसत नाही. माणसानं पुढचं काय ते बुडवावं, पण मागचंही बुडवावं?

मोटारसायकलला किक मारली तेव्हा मंदा म्हणाली, "निघालोच हाय तर देवाला जाऊन यिऊ." मागे बसून तिनं डबा मांडीवर घेतला. साडीला तेल लागेल म्हणून मी फडकं दिलं, तिनं ते बाजूला ठेवलं. त्या वर्षी पाणी भरपूर होतं. भीमा आणि नीरा जिथं मिळतात तिथं दोन रंगांचं पाणी थोडा वेळ शेजारी-शेजारी चालताना दिसतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. मंदानं डबा खाली ठेवला नाही. देवळात गेलो तेव्हाही तो तिच्या काखेत. पुजाऱ्यानं विचारलं, "काय आणलंय देवाला?"

"देवाला न्हाय," ती ठणकावून म्हणाली. "आमच्या ह्यांनी केलंय. मोटारीचं हाय."

पुजाऱ्यानं त्याच्यावरही तीर्थ शिंपडलं.

आठवड्यानं उल्हासचा फोन आला. पुन्हा दत्त्या. "राग नगं धरू लेका. 'गावाकडं हात लागलाय' म्हटलं की आसली गाडी कुणी घेत न्हाय. बाजाराची रीत हाय ती." मी "बरं" म्हणालो. त्यानंतर लग्नाकार्यात भेट झाली, तो हसला, मीही हसलो. आबांच्या तब्येतीची चौकशी केली. एवढंच.

हे सगळं लिहायचं कारण काजळी नाही. कारण परवाचं आहे. दुपारी दारात आवाज आला आणि मी बसल्या जागी ताठ झालो. माणूस पाठमोऱ्या मित्राला खाकरण्यावरून ओळखतो तसा तो आवाज मी ओळखला. तांबडी. तोच मुलगा उतरला, आता थोडा सुटलेला, कपाळ मोठं झालेलं. आत आला, चपला काढल्या, मंदानं दिलेलं पाणी उभ्यानंच प्यायला.

"काका, मला ओळखलं नसेल. मी बावड्याहून ही गाडी घेतली होती." मग म्हणाला, "दुपारची गाडी ओढतच नाही. तीन ठिकाणी दाखवली. एकानं खोललं तर आत एक पट्टी सापडली, रिव्हेट मारलेली. तो म्हणाला, इथे काहीतरी भारी काम बसवलेलं होतं, ज्यानं केलंय त्यालाच गाठा. पट्टीवर तीन टिंबं आहेत. उल्हासकाका म्हणाले त्यांना कल्पना नाही. निघताना त्यांच्या वडिलांनी मला हळूच कन्हेरीला दत्ताकडे जा म्हणून सांगितलं." त्यानं रिकामा पेला खाली ठेवला. "ते काम तुम्ही केलं होतं का? तसं असेल तर पुन्हा करून द्या. आणि झालं की तुम्हीच चालवून बघा, मला फक्त शेजारी बसू द्या."

मी बाहेर आलो. त्यानं बॉनेट उघडलं. काळ्या डब्याच्या खाली माझी पट्टी, गंजाचा ठिपका नाही, आणि तीन टिंबं. वरून काजळी पडत होती, तांबड्या पत्र्यावर काळी दिसत होती. दहा पावलांवर जिना होता. जिन्यावर मंदा येऊन उभी राहिली होती, एक हात कठड्यावर, वर जायच्या तयारीत. चार वर्षं मी ह्याच एका प्रश्नाची वाट बघत होतो.

"न्हाय बा," मी म्हणालो. "मी बॉयलरवरचा माणूस. मोटारीतलं मला काय कळतंय? आबांचं वय झालंय. ह्याला माझा हात लागलेला न्हाय."

तो मुलगा ओशाळला. माफी मागितली, नमस्कार केला, गेला. वळणापर्यंत तांबडीचा आवाज येत होता, चुलीपाशी श्वास घेणारा.

मी का बोललो तसं? उल्हास खोटा पडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगून बघितलं. बोर्डिंगची बादली आठवून बघितली. त्यात थोडं खरं असेल. पण जास्त खरं हे की त्या शहरी पोरासमोर मला लाज वाटली. कुकरची रिंग, सलाईनची नळी, लुगड्याचा बोळा. उल्हास जे म्हणाला ते माझ्याही आत कुठंतरी बसलेलं होतं, की गावाकडचा हात लागला म्हणजे वस्तू बाटली. चार वर्षं मी त्याला दोष दिला. वेळ आली तेव्हा त्याचंच वाक्य माझ्या तोंडून आलं, आणि किती सफाईदार आलं.

मंदा वर गेली. ताडपत्रीची दोरी सोडल्याचा आवाज आला, मग झाकण उघडल्याचा. खाली आली तेव्हा तिच्या हातात ती रिंग होती.

"ती कशाला काढलीस?"

"डबा कुणाचाच न्हाय म्हटल्यावर माझी वस्तू त्यात कशाला ठिवू?" ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिनं जुना पाच लिटरचा कुकर फळीवरून काढला, रिंग धुतली, बसवली, डाळ लावली. चार वर्षं त्या झाकणात दबून रिंग चपटी झाली होती. शिट्टी होईना. वाफ कडेनं जात राहिली, फुसफुस आवाज करत, आणि घरभर शिजणाऱ्या तुरीचा वास पसरला. ती गॅस बंद करीना, मी उठेना. बऱ्याच वेळानं मी दारात जाऊन उभा राहिलो.

"मंदा," मी म्हणालो, "तो डबा मी केलाय."

तिनं मागे वळून बघितलं नाही.

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "मला कशाला सांगताय?"